काळजाला चढलेला गंज

“तुझ्या लिव्हरला गंज चढलाय लेका, दुसरं काय न्हाई.”

हे वाक्य ज्याच्या डोक्यातून निघालं त्याला मी आजही मानतो. कुपवाडच्या एमआयडीसीत गेली सत्तावीस वर्षं माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. गेट, ग्रिल, पत्र्याची शेड, गोल जिने. माझ्यासमोर बसून कुणी ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ म्हणालं असतं तर मी अर्धा चहा पाजून त्याला वाटेला लावलं असतं. ऑक्सिजनने पेशींना होणाऱ्या त्याच इजेला हा गंज म्हणाला. गंजातलं मला कळतं, किंवा तेव्हा तरी कळतं असं वाटायचं. मृगाच्या तोंडावर आमची अर्धी गिऱ्हाइकं गंजापायीच येतात.

मित्र शाळेतला, माझ्याच बाकावरचा. आधी पतसंस्थेची पिग्मी गोळा करायचा, मग विमा, मग प्लॉट, आणि आता ‘वेलनेस’. त्याने पिशवीतून पाच पांढऱ्या बाटल्या काढल्या आणि माझ्या टेबलावर ओळीने मांडल्या, नेमक्या रेड ऑक्साइडच्या, म्हणजे गंज धरू नये म्हणून लोखंडाला आधी मारायच्या प्रायमरच्या, डब्याला लागून. डब्याकडे बोट करून म्हणाला, “ह्ये तू भाईरनं मारतोस. ह्ये आतनं मारायचं. अँटिऑक्सिडंट म्हंजे प्रायमर रं.”

महिन्याचे चार हजार दोनशे रुपये. मी दिले.

त्याच्या तीन आठवडे आधी मुतखड्याच्या संशयाने सोनोग्राफी केली होती. पोटावर थंडगार जेल, खोलीत अंधार, डॉक्टर स्क्रीनकडे बघत शेजारच्या मुलीला आकडे सांगतायत. उजव्या बरगडीखाली त्यांचा हात थांबला. पुन्हा मागे गेला. “घेता का?” त्यांनी विचारलं. मला आधी कळलंच नाही. कळल्यावर मी नाही म्हटलं. त्यांनी हूं केलं. त्या एका हुंकारात त्यांनी आजवर ऐकलेले सगळे ‘नाही’ होते. रिपोर्टात मुतखडा नव्हता. ‘फॅटी लिव्हर, ग्रेड टू’, म्हणजे लिव्हरमध्ये मध्यम चरबी, असं होतं.

मी खरंच घेत नाही. आमचा चुलता घ्यायचा. शेवटच्या वर्षी त्याचं पोट पाण्याने फुगून टम्म झालं होतं, हातापायाच्या काड्या, डोळे हळदीसारखे. त्यामुळे आमच्या घरात लिव्हर या शब्दाला एकच अर्थ. आईने रिपोर्टातलं काही विचारलं नाही. ताटात भाकरी वाढता वाढता एवढंच म्हणाली, “कधीपासनं?” बावन्नाव्या वर्षी आईसमोर शपथ घ्यायची वेळ आली.

हा घोळ फक्त आमच्या घरातला नाही, वैद्यकशास्त्रातलाही आहे. १९८० मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या लुडविग नावाच्या डॉक्टरांनी २० रुग्णांची माहिती छापली. त्यांची लिव्हर सूक्ष्मदर्शकाखाली दारुड्यांसारखी दिसत होती आणि ते दारू मात्र पीत नव्हते. मग आजाराला नाव पडलं ते ‘दारूचा नसलेला’ असं. म्हणजे तो काय आहे यापेक्षा काय नाही यावरून ओळख. २०२३ मध्ये तज्ज्ञांनी नाव बदललं आणि त्यात चयापचय, म्हणजे मेटाबॉलिझम, हा शब्द आणला. नवं नाव अजून आमच्या बाजूच्या रिपोर्टांत फारसं दिसत नाही. आईला तर ते मी सांगितलंच नाही. तिला मी एवढंच सांगितलं की काळजाला चरबी धरलीय.

काळीज म्हटल्यावर मात्र तिला लगेच कळलं. आपण कवितेत काळजावर हात ठेवतो तो डाव्या बाजूला, हृदयावर. मटणाच्या दुकानात मात्र हा शब्द अजून आपल्या जागेवर आहे. “अर्धा किलो द्या, जरा काळीज टाका त्यात” म्हटलं की दुकानदार जो गडद तांबडा, गुळगुळीत तुकडा टाकतो ते लिव्हर. आई चांगलं काळीज बोटाने दाबून ओळखते. पिवळट, बोटाला तेलकट लागणारं असेल तर परत देते. माझं तिने परत दिलं असतं.

आता मी काही लठ्ठ दिसत नाही. उंची पाच फूट सहा इंच, वजन तेव्हा एकाहत्तर. हातपाय बारीक, पोट तेवढं पुढे. आपल्याकडे याला कुणी लठ्ठपणा म्हणत नाही, ‘जरा सुटलाय’ म्हणतात. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक हे कोडं अनेक वर्षं उलगडतायत. २००४ मध्ये त्यांनी लॅन्सेट या नियतकालिकात स्वतःचा आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारीशेजारी छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. तराजूला दोघे एकच, आतून वेगळे. पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गर्भवती बायकांपासून सुरू झालेल्या त्यांच्या अभ्यासात हेच जन्मापासून दिसलं. आपलं बाळ इंग्लंडच्या बाळापेक्षा वजनाने बरंच कमी, पण चरबी त्या मानाने राखून. ती चरबी साठवायला कातडीखाली जागा कमी पडली की ती पोटात आणि काळजात जाऊन बसते. हे वाचलं तेव्हा मला त्या सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांचा हुंकार आठवला. तो फोटो त्यांना पाठवावासा वाटला. पाठवला नाही.

बाटल्यांकडे वळतो. एकीत व्हिटॅमिन ई, ४०० युनिट. दुसरीत व्हिटॅमिन सी आणि अल्फा लिपोइक ॲसिड. तिसरीत मिल्क थिसल, म्हणजे सिलिमरिन. चौथीत ग्रीन टीचा अर्क. पाचवी बाटली काढताना मित्राचा आवाज जरा खाली आला, देवळात येतो तसा. “करक्युमिन. पंच्याण्णव टक्के.”

मी सांगलीचा. ज्या गावात हळदीचे सौदे निघतात, ज्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, जिच्यासाठी हरिपूरला जमिनीत पेवं खणली, त्या गावातल्या माणसाला हळद बाटलीतून विकायची म्हणजे धाडसच. आणि मी ती घेतली, म्हणजे खुळा कोण ते बघा. साध्या हळदीत करक्युमिन असतं तीनेक टक्के. म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या त्या एका कॅप्सूलमध्ये पंधरा-सोळा ग्रॅम हळदीचं करक्युमिन. आमटीत आपण टाकतो चिमूटभर. पंधरा ग्रॅम हळद टाकलेली आमटी आईने म्हशीलासुद्धा दिली नसती. शिवाय कॅप्सूलमध्ये मिऱ्याचा अर्क, पायपरीन, होता. करक्युमिन एरवी आतड्यातून रक्तात फारसं जातच नाही. बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं की सोबत पायपरीन दिलं तर रक्तातलं त्याचं प्रमाण २००० टक्के वाढतं. बाटलीवर हा आकडा मोठ्या लाल अक्षरांत होता, फायदा म्हणून. जे शरीर दारात अडवतं ते मागच्या दाराने वीसपट आत ढकललं तर काळजाला काय वाटत असेल, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

बाटलीच्या पाठीमागे, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, इंग्रजीत एक ओळ होती: औषधी वापरासाठी नाही. ही ओळ आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे अशा प्रत्येक बाटलीवर छापावीच लागते. म्हणजे कायद्याने हे औषध नाही, खाण्याचा पदार्थ आहे. पुढच्या बाजूला लिव्हरचं चित्र, मागच्या बाजूला ही ओळ. मी ती वाचली चार महिन्यांनी. ड्रॉइंग बघायचं भिंग होतं म्हणून.

त्या चार महिन्यांबद्दल मला सगळ्यात जास्त लाज वाटते, पण लिहायचं तर तेच लिहायला हवं. गोळ्या सुरू केल्या आणि मी निर्धास्त झालो. वर्कशॉपला दिवसात सात चहा होतात. गिऱ्हाईक आलं की चहा, माल आला की चहा, वीज गेली की चहा. प्रत्येक कपात दोन चमचे साखर. सात कपांची साखर झाली सत्तर ग्रॅमच्या आसपास. कागदाच्या पुडीत बांधून समोर ठेवली तर कुणी खाणार नाही. संध्याकाळी भडंग, वर कांदा-कोथिंबीर, भरपूर तेल. रात्री जेवण साडेदहाला, कारण मुलगी क्लासवरून उशिरा यायची आणि एकत्र जेवायची पद्धत. हे सगळं आधीही होतंच, आता त्याला परवाना मिळाला. जेवण झालं की पाच कॅप्सूल हातावर घ्यायच्या. त्यांचा तो मातकट, जरा तुरट वास, पाण्याबरोबर घशाखाली गेल्यावर येणारी ढेकर. काहीतरी केल्याचं समाधान. एका लग्नात मी जिलेबीची तिसरी वाटी घेतली तेव्हा बायको म्हणाली, “अहो, बास की.” मी खिशातली डबी दाखवली. तिने कपाळाला हात लावला.

मला वाटायचं काळजातली चरबी म्हणजे तुपा-मटणाची चरबी. बी.फार्म.ला असलेल्या मुलीने नंतर हे भूत उतरवलं. अमेरिकेत २००५ मध्ये खूण लावलेल्या रेणूंचा माग काढून एक हिशेब मांडला गेला. फॅटी लिव्हरमधल्या चरबीतली सुमारे ५९ टक्के अंगातल्या साठलेल्या चरबीतून सुटून येते, २६ टक्के लिव्हर स्वतः साखरेसारख्या पदार्थांतून तयार करतं, आणि थेट जेवणातल्या तेलातुपातून येते ती फक्त १५ टक्के. “म्हणजे पप्पा, तुमची चरबी चहातनं आलीय,” ती म्हणाली. हे मला तुपापेक्षा जड गेलं.

चार महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. खरं तर शाबासकी घ्यायलाच गेलो होतो. एसजीपीटी, म्हणजे लिव्हरच्या पेशी फुटल्या की रक्तात सांडणारं एन्झाइम, आधी ५८ होतं. आता १७१. एसजीओटी, तसलंच दुसरं एन्झाइम, ९८. मित्राला फोन केला. तो म्हणाला, “टॉक्सिन निघायला लागलेत. डोस वाढीव.”

मी डोस वाढवला नाही. मिरजेला गेलो. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. मिशनरी डॉक्टर वानलेस साहेबांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल उघडलं तेव्हापासून कर्नाटकापर्यंतचा माणूस दुखणं घेऊन तिथेच उतरतो. पोटाचे डॉक्टर तरुण होते, आवाज हळू. माझा रिपोर्ट त्यांनी बाजूला ठेवला आणि म्हणाले, “काका, घरात जे जे खाताय ते सगळं पिशवीत घालून आणा. काढा, पावडर, गोळी, सगळं.” दुसऱ्या दिवशी मी पाच बाटल्या नेल्या. आईने कोरोनापासून चालू ठेवलेला गुळवेलीचा काढाही नेला. तो मी विसरलोच होतो.

हिपॅटायटिस बी, सी दोन्ही नव्हते. त्यांनी सगळं बंद करायला सांगितलं. कशाने झालं ते छातीठोकपणे सांगता येणार नाही, असंही म्हणाले, आणि मला तो माणूस त्याच वाक्याला आवडला. एवढं मात्र सांगितलं की ग्रीन टीचा तीव्र अर्क आणि हळदीचा तीव्र अर्क, दोन्हींनी काही माणसांच्या लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या लिव्हरच्या इजांची नोंद ठेवणारं डॉक्टरांचं एक जाळं आहे. त्यांनी २०११ नंतरचे हळदीच्या गोळ्यांचे १० रुग्ण मांडले. पाच जणांना दाखल करावं लागलं, एक दगावला. दहांपैकी सात जणांत एक ठरावीक जनुकीय खूण सापडली. म्हणजे सगळ्यांना होत नाही, ज्याच्या नशिबात ती खूण त्याला. गुळवेलीचंही तसंच. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये सहा रुग्ण छापले, आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, पुढच्या वर्षी देशभरातल्या तेरा केंद्रांनी मिळून आणखी रुग्ण मांडले. आईला हे सांगताना मला आयुष मंत्रालयापेक्षा जास्त भीती वाटली.

सहा आठवड्यांनी एसजीपीटी ६१. परत होतं तिथे.

मग डॉक्टरांनी एक गणित घातलं. फायब-फोर म्हणतात. वय गुणिले एसजीओटी, त्याला भागायचं प्लेटलेट गुणिले एसजीपीटीच्या वर्गमुळाने. चरबी असणं वेगळं आणि लिव्हर आतून निबर होत जाणं, त्यात व्रण धरणं वेगळं. भीती या दुसऱ्याची. बाहेरच्या बाकावर बसून, ज्या कॅल्क्युलेटरवर रनिंग फुटाचे दर काढतो त्यावरच मी ते केलं. ५३ गुणिले ४०, दोन हजार एकशे वीस. प्लेटलेट दोन लाख चाळीस हजार, ते हजारात धरायचे, २४०. एकसष्टचं वर्गमूळ ७.८१. उत्तर १.१३. एक पूर्णांक तीनच्या आत आहे म्हणजे निबरपणाची शक्यता कमी. चार महिन्यांत मी सतरा हजारांच्या गोळ्या खाल्ल्या. हे गणित फुकट होतं आणि सगळे आकडे माझ्याच खिशात होते.

“मग अँटिऑक्सिडंट सगळं थोतांडच का?” मी विचारलं. इथे मला वाटलं होतं डॉक्टर जोरात हो म्हणतील. ते म्हणाले, “नाही, तसंही नाही काका.”

आणि इथूनच मला या विषयात खरी गोडी लागली. मुलगी आणि मी रविवारी सकाळी बसायचो, ती वाचायची आणि मी शंका काढायचो. २०१० मध्ये अमेरिकेत २४७ जणांवर एक नीट चाचणी झाली. लिव्हरचा तुकडा काढून सूज पक्की केलेले, मधुमेह नसलेले लोक. काहींना रोज ८०० युनिट व्हिटॅमिन ई, काहींना नुसती साखरगोळी, ९६ आठवडे. व्हिटॅमिन ई घेतलेल्यांत ४३ टक्क्यांची लिव्हर सुधारली, साखरगोळीवाल्यांत १९ टक्क्यांची. हा फरक खरा आहे. म्हणून काही निवडक रुग्णांना डॉक्टर अजूनही ते देतात. पण व्रण त्याने ठळकपणे हटला नाही. आणि दुसरीकडे, पस्तीस हजारांहून जास्त पुरुषांवरच्या एका चाचणीत रोज ४०० युनिट व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्क्यांनी जास्त निघाला. माझ्या बाटलीत तेच ४०० युनिट होते, आणि मी तर पन्नाशी ओलांडलेला पुरुष.

त्याहून जुनी गोष्ट फिनलंडची. १९९४ मध्ये तिथल्या २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांच्या चाचणीचा निकाल आला. बीटा कॅरोटिन, म्हणजे गाजरातला रंग, दिला तर फुप्फुसाचा कॅन्सर कमी होईल अशी सगळ्यांची खात्री होती, कारण गाजर-भाज्या खाणाऱ्यांना तो कमी होतो. गोळी घेणाऱ्यांत तो १८ टक्क्यांनी वाढला. मुलगी वाचता वाचता थांबली. मी तिला ती ओळ पुन्हा वाचायला लावली.

मला हे पचेना. गंज वाईट, गंज थांबवणारं चांगलं, यात चुकणार काय? पचलं ते वर्कशॉपमध्येच, एका स्टेनलेस स्टीलच्या रेलिंगपाशी.

स्टेनलेसला वेल्डिंग केलं की जोडाभोवती निळसर-तपकिरी पट्टा उमटतो. तो तसाच ठेवला तर सहा महिन्यांत त्याच जागी गंजाचे ठिपके येतात, ‘स्टेनलेस’ असूनही. म्हणून आमचे मिस्त्री तिथे ब्रशने पिकलिंग पेस्ट लावतात. हातात रबरी मोजे, नाकाला फडकं, कारण ॲसिड भयंकर. थोड्या वेळाने पाण्याने धुतलं की जोड पांढराशुभ्र. मी त्यांना सहज म्हटलं, “मिस्त्री, चकचकीत झालं की.” ते म्हणाले, “चकचकीत करायला नव्हं मालक. त्याला आता वारं लागू द्यायचं. वारं लागलं की त्याचं त्ये कातडं धरतंय.”

मी तिथेच उभा राहिलो. हे मला सत्तावीस वर्षं माहीत होतं. स्टेनलेस गंजत नाही याचं कारण त्याच्यातलं क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी लगेच जुळतं आणि डोळ्याला न दिसणारा ऑक्साइडचा पापुद्रा धरतं. स्टेनलेस गंजातूनच वाचतं, नेमक्या, पातळ, वेळच्या वेळी धरणाऱ्या गंजातून. त्याला ऑक्सिजन मिळू दिला नाही, समजा वर चिकट टेप लावून ठेवली आणि खाली ओल साचली, तर तेच स्टेनलेस खालून खड्डे पडून खराब होतं. हे मी गिऱ्हाइकांना स्वतः सांगतो, “टेप काढा, वारं लागू द्या.”

त्या रविवारी मुलीने जर्मनीतला प्रयोग वाचला. येना विद्यापीठात २००९ मध्ये चाळीसेक तरुणांकडून चार आठवडे व्यायाम करून घेतला. निम्म्यांना रोज व्हिटॅमिन सी आणि ४०० युनिट व्हिटॅमिन ई दिलं. व्यायामाने इन्सुलिन नीट काम करू लागतं, हे सगळ्यांना माहीत आहे. ते सुधारलं फक्त गोळ्या न घेणाऱ्यांत. घेणाऱ्यांचा घाम फुकट गेला. स्नायू जोरात काम करतात तेव्हा पेशीत थोडी ठिणगी उडते, ते फ्री रॅडिकल्स. शरीर त्या ठिणगीवरून समजतं की काम वाढलंय, बंदोबस्त वाढवा. मग स्वतःचीच राखण उभी करतं. बाहेरून गोळी टाकून ठिणगी विझवली की निरोपच पोचत नाही. मिस्त्रींच्या भाषेत, वारं लागू दिलं नाही.

मग काळजातला ‘गंज’ म्हणजे काय? माझ्या डोळ्यासमोर आता गुऱ्हाळ येतं. चुलवाणात एका वेळी मावेल त्याच्या दुप्पट चिपाड कोंबलं, त्यातही ओलं, की धूर होतो. फॅटी लिव्हरच्या पेशीत तसंच होतं. जाळायला आलेली चरबी झेपत नाही, अर्धवट जळण होतं, धूर उठतो, त्या धुरात पेशीचेच पापुद्रे करपतात. धूर खरा आहे, मित्र खोटं बोलत नव्हता. पण चुलवाणाच्या तोंडाशी उभं राहून सुपाने धूर हाकलायचा आणि दुसऱ्या हाताने चिपाड कोंबत राहायचं, असला गुळव्या कुणी कामाला ठेवेल का? मी मात्र चार महिने तेच करत होतो. सूप महाग होतं एवढंच.

डॉक्टरांनी लिहून दिलेल्या चिठ्ठीवर एकच आकडा होता: ६६. म्हणजे पाच किलो कमी. हा आकडा हवेतला नव्हता. क्यूबात हवाना इथे २९३ रुग्णांना वर्षभर खाणं-चालणं सांभाळायला लावलं, आणि आधी-नंतर लिव्हरचे तुकडे तपासले. वजनाच्या ७ टक्के उतरवलेल्यांत बहुतेकांची सूज मिटली. १० टक्के उतरवलेल्यांत दहातल्या नऊ जणांची मिटली आणि जवळपास निम्म्यांचा व्रणही मागे हटला. इतका निकाल आजवर कुठल्या बाटलीने दिलेला मी वाचला नाही. अर्थात, दहा टक्के उतरवणारे थोडेच होते. मला ते लगेच समजलं, कारण सुरुवातीला मीही त्यांच्यात नव्हतो.

चहा बिनसाखरेचा करायला मला सात आठवडे लागले. पहिले आठ दिवस डोकं दुखायचं आणि मी पोरांवर खेकसायचो. गिऱ्हाइकासमोर बिनसाखरेचा मागितला की ते “शुगर आहे काय?” विचारतं. मी हो म्हणून टाकतो, सोपं पडतं. भडंग बंद केलं नाही. सांगलीत राहून ते बंद करणं म्हणजे गावाशी वैर. मुठीने खायचं ते चमच्याने खातो. जेवण आठला, मुलीसाठी कुणी थांबत नाही. याचं तिला वाईट वाटलं, आणि मलाही. एकत्र जेवणं म्हणजे काही कॅलरीचा हिशेब नसतो. ही खोट अजून भरून निघालेली नाही.

पहाटे आयर्विन पुलावरून सांगलीवाडीपर्यंत जातो आणि परत येतो. पावसाळ्यात कृष्णा फुगली की पुलावर पाणी बघणाऱ्यांची गर्दी, तेव्हा चालणं कमी आणि पातळी किती फुटांवर गेली याची चर्चा जास्त. पुलाचा कठडा मी दर वेळी बोटाने तपासतो. जित्याची खोड.

अकरा महिन्यांत वजन सदुसष्ट झालं. एक किलो अजून आहे. एसजीपीटी ३४. सोनोग्राफी ग्रेड वन. आई आता विचारत नाही, पण शेजारणीला सांगते की पोराने सोडली. तिला दुरुस्त करणं मी सोडून दिलंय.

मागच्या महिन्यात मित्र आला. नव्या बंगल्याचं गेट करायचं होतं त्याला. धंदा बरा चालला असावा. टेबलावर बसला तर समोर त्याच्याच पाच बाटल्या, ओळीने, रेड ऑक्साइडच्या डब्याला लागून. त्याचा चेहरा फुलला. “अजून घेतोस व्हय!” म्हणाला आणि एक उचलली. ती खळखळली. झाकण काढलं तर आत पाव इंची वायसर. दुसरीत रिव्हेट. तो काही बोलला नाही, मीही नाही. मिस्त्री तेवढ्यात वेल्डिंग रॉडचा डबा घेऊन आत आले, त्यातली सिलिका जेलची पुडी चिमटीत धरून.

“ह्या पुड्या तुमच्याच बाटलीतल्या काय साहेब?” ते मित्राला म्हणाले. “लई कामाच्या. रॉडला ओल धरत न्हाई. आणखी असल्या तर पाठवा की.”